वैयक्तिक संकेतस्थळापुढे सीडीएन बसवताना

गडकिल्ल्यांच्या छायाचित्रांचे माझे एक लहानसे संकेतस्थळ आहे. ते वर्डप्रेसवर, म्हणजे संकेतस्थळ चालवण्याच्या तयार प्रणालीवर, चालते. होस्टिंग वर्षाला काही हजार रुपयांचे, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांनी वाटून घ्यायचे आहे, आणि तो सर्व्हर अमेरिकेत आहे, कारण घेतेवेळी तेच स्वस्त पडले. वाचक मात्र बहुतेक पुणे, नाशिक आणि मुंबईचे, काही थोडे टोरांटो आणि मेलबर्नचे. अशा संकेतस्थळापुढे सीडीएन, म्हणजे कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क, कसे बसवावे आणि बसवल्यानंतर कोणती कामे उरतात, ते या लेखात क्रमाने सांगितले आहे. उरलेल्या कामांवर भर मुद्दाम दिला आहे, कारण सीडीएन सुरू करणे अर्ध्या तासाचे काम असले तरी पुष्कळ जण तिथेच थांबतात आणि संकेतस्थळ सुरक्षित झाले असे समजून निर्धास्त होतात.

आधी वेगाचे गणित पाहू. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे आणि काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे एका निरोपाला जाऊन परत यायला किमान १२५ मिलिसेकंद लागतात, आणि समुद्राखालच्या केबलींचे वळसे धरले तर प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास. पान उघडताना अशी फेरी एकदाच होत नाही. जोडणी करण्यासाठी एक, सुरक्षित संवादाची बोलणी करण्यासाठी टीएलएस या पद्धतीची १.३ आवृत्ती असेल तर एक व १.२ असेल तर दोन, आणि प्रत्यक्ष पान मागण्यासाठी आणखी एक फेरी होते. पानाचा पहिला अंश हाती पडण्याआधीच सहाशे ते आठशे मिलिसेकंद निघून जातात, आणि सर्व्हर कितीही ताकदवान घेतला तरी हा वेळ कमी होत नाही, कारण तो अंतरामुळे लागतो.

मराठी वर्तमानपत्रे हाच प्रश्न पूर्वीपासून वेगळ्या रीतीने सोडवत आली आहेत. मुंबईत छापलेला अंक रात्रीच्या गाडीने नागपूरला धाडण्याऐवजी पाने नागपूरला पाठवून तिथेच छापली जातात. सीडीएनही तेच करते: जगभरच्या शहरांत सर्व्हर ठेवून तुमच्या संकेतस्थळाच्या न बदलणाऱ्या गोष्टींच्या, म्हणजे छायाचित्रे, फॉन्ट आणि शैलीच्या फायलींच्या प्रती तिथे साठवते आणि वाचकाला जवळच्या सर्व्हरवरून देते. वाचकाची जोडणी आणि सुरक्षित संवादाची बोलणीही त्या जवळच्या सर्व्हरशीच होतात, त्यामुळे जे पान साठवलेले नाही त्याचाही काही वेळ वाचतो. शिवाय सगळी ये-जा या मधल्या सर्व्हरमधून होत असल्याने नको ती मंडळी तिथेच अडवता येतात. सुरक्षेचा भाग एवढ्यावरच उभा आहे.

हा व्यवसाय फार जुना नाही. अमेरिकेतील एमआयटीमधील प्राध्यापक टॉम लाइटन आणि त्यांचे विद्यार्थी डॅनियल लेविन यांनी १९९८ मध्ये अकामाई ही कंपनी काढली, तेव्हा तिचे ग्राहक मोठ्या कंपन्या होत्या. घरगुती संकेतस्थळांपर्यंत ही सोय आली ती मुख्यतः क्लाउडफ्लेअरमुळे. ही कंपनी २००९ मध्ये स्थापन झाली, २०१० मध्ये तिची सेवा सर्वांसाठी खुली झाली, २०१४ मध्ये तिने मोफत योजनेतही एसएसएल प्रमाणपत्र, म्हणजे सुरक्षित संवादासाठी लागणारा ओळखीचा दाखला, द्यायला सुरुवात केली आणि २०१७ पासून सेवा बंद पाडणाऱ्या महापुरासारख्या हल्ल्यांपासूनचे संरक्षण मोजमाप न ठेवता सर्व योजनांत दिले. पुढील पायऱ्या याच सेवेच्या मोफत योजनेच्या आहेत, कारण नवख्याला खर्च न करता शिकता येईल अशी ती सर्वांत सोपी जागा आहे. बनी, फास्टली, ॲमेझॉनचे क्लाउडफ्रंट हे पर्यायही चांगले आहेत आणि तत्त्वे सगळीकडे सारखीच आहेत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. तुमचा सर्व्हर मुंबईत आणि वाचक पुण्या-साताऱ्याचे असतील, तर वेगात फारसा फरक जाणवणार नाही. मग सुरक्षेपुरताच विचार करावा. आणि संकेतस्थळ वर्डप्रेससारखे नसून केवळ तयार पानांचे असेल, तर वेगळे होस्टिंग घेऊन पुढे सीडीएन बसवण्याचा खटाटोप करण्यापेक्षा ती पाने थेट क्लाउडफ्लेअर पेजेस किंवा गिटहब पेजेसवर ठेवावीत.

आधीची तयारी

पहिला प्रश्न तांत्रिक नाही: तुमचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, कोणाच्या खात्यात आहे? आपल्याकडे पुष्कळ वैयक्तिक संकेतस्थळे ओळखीतल्या एखाद्या मुलाने करून दिलेली असतात, डोमेन त्याच्या खात्यात असते, आणि तो मुलगा आता बंगळुरूला नोकरीला असतो. डोमेन जिथे नोंदवले ते खाते आणि होस्टिंगचे खाते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींचे पासवर्ड स्वतःच्या हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यानंतर संकेतस्थळाच्या फायली आणि डेटाबेस यांची पूर्ण प्रत उतरवून आपल्या संगणकावर ठेवावी.

मग डीएनएसच्या सध्याच्या सर्व नोंदी एका कागदावर उतरवून घ्याव्यात किंवा त्यांचे पडद्यावरचे चित्र जतन करावे. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी वही. तिच्यात संकेतस्थळाचा पत्ता सांगणारी ए नोंद असते, टपाल, म्हणजे ईमेल, कुठे द्यायचे ते सांगणारी एमएक्स नोंद असते, आणि टपाल खरेच तुमच्याकडून आले आहे याची खात्री देणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम या नावांच्या टीएक्सटी नोंदी असतात. ही वही आता क्लाउडफ्लेअरकडे जाणार आहे, आणि जाताना एखादे पान गळले तर बोंब होते ती संकेतस्थळाची नव्हे, टपालाची, आणि ती दोन-तीन दिवसांनी कळते.

डोमेनवर डीएनएससेक, म्हणजे या वहीवरची खात्रीची सही, सुरू असेल तर डोमेनच्या खात्यात जाऊन ते आधी बंद करावे आणि किमान एक दिवस जाऊ द्यावा. ते चालू ठेवून नेमसर्व्हर, म्हणजे ही वही ठेवणारे सर्व्हर, बदलले तर जुनी सही आणि नवी वही यांचा मेळ बसत नाही आणि संकेतस्थळ अनेक वाचकांसाठी नाहीसे होते. स्थलांतर पार पडल्यावर ते क्लाउडफ्लेअरच्या बाजूने पुन्हा सुरू करता येते.

खाते, नोंदी आणि नारिंगी ढग

क्लाउडफ्लेअरवर खाते उघडताच दुहेरी पडताळणी सुरू करावी. यापुढे या खात्यात शिरलेला माणूस तुमचे संपूर्ण संकेतस्थळ आणि टपाल दुसरीकडे वळवू शकतो, म्हणून या खात्याची किंमत वर्डप्रेसच्या खात्यापेक्षा जास्त आहे. त्यानंतर डोमेनचे नाव भरून मोफत योजना निवडली की ही सेवा सध्याच्या नोंदी स्वतःच शोधून समोर मांडते. हा शोध बऱ्यापैकी असतो, पण पूर्ण असेलच असे नाही. मुख्य नावाआधी शब्द जोडून केलेल्या उपडोमेनांच्या आणि डीकेआयएमच्या नोंदी त्यातून हमखास सुटतात. आधी उतरवलेला कागद इथे समोर धरून एकेक ओळ जुळवावी. तुमचे डोमेन .भारत असे देवनागरीत असेल, तर डीएनएसमध्ये ते एक्सएन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन रूपात दिसते. ते पाहून घाबरू नये, ते तुमचेच नाव आहे.

प्रत्येक नोंदीपुढे एक ढग असतो. ढग नारिंगी असेल तर ती वाहतूक क्लाउडफ्लेअरमधून जाते. राखाडी असेल तर क्लाउडफ्लेअर केवळ पत्ता सांगून बाजूला होते. मुख्य डोमेन आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू या दोन नोंदी नारिंगी ठेवाव्यात. मेल नावाच्या उपडोमेनाची नोंद मात्र राखाडीच ठेवावी, कारण नारिंगी ढगातून फक्त वेबची वाहतूक जाते, टपालाची जात नाही. सर्व्हरशी फायलींची देवाणघेवाण करणारे एफटीपी आणि सर्व्हर दुरून चालवू देणारे एसएसएच यांचेही तसेच. ज्यांनी उत्साहाच्या भरात सगळेच ढग नारिंगी केले, त्यांचे टपाल त्याच संध्याकाळी बंद पडलेले मी पाहिले आहे.

नोंदी जुळल्या की सेवा तुम्हाला दोन नेमसर्व्हरची नावे देते. ती माणसांच्या पहिल्या नावांवरून ठेवलेली असतात, त्यामुळे कोणा अनोळखी दांपत्याच्या हवाली आपण संकेतस्थळ करत आहोत असे क्षणभर वाटते. डोमेनच्या खात्यात जाऊन जुने नेमसर्व्हर काढावेत आणि ही दोन नावे घालावीत. बदल काही मिनिटांत ते एक-दोन दिवसांत सर्वत्र पोहोचतो आणि त्या काळात काही वाचक जुन्या वाटेने तर काही नव्या वाटेने येतात. म्हणून जुन्या होस्टिंगवरील काहीही या काळात हलवू नये, आणि हे काम दिवाळी अंकातला लेख टाकायच्या आदल्या रात्री करू नये.

एसएसएल: सर्वांत महत्त्वाची निवड

आता जोडणीचे दोन तुकडे झाले आहेत. वाचकापासून क्लाउडफ्लेअरपर्यंत एक, आणि क्लाउडफ्लेअरपासून तुमच्या सर्व्हरपर्यंत दुसरा. पहिल्या तुकड्याचे प्रमाणपत्र आपोआप मिळते. दुसऱ्याचे काय करायचे, ते एसएसएलच्या पानावर ठरते. फ्लेक्सिबल ही निवड केली तर दुसरा तुकडा उघडाच राहतो: वाचकाला ब्राउझरमध्ये कुलूप दिसते, पण त्याने फॉर्ममध्ये भरलेली माहिती आणि तुमचा वर्डप्रेसचा पासवर्ड अर्ध्या जगातून उघड्यावर प्रवास करतात. माझ्या मते ही निवड नसलेलीच बरी होती. फुल या निवडीत दुसरा तुकडा बंद होतो, पण समोरचे प्रमाणपत्र खरे आहे की नाही ते पाहिले जात नाही. फुल स्ट्रिक्ट या निवडीत ते पाहिले जाते, आणि आपल्याला हवे आहे ते हेच. नव्या खात्यांत सेवा स्वतःच योग्य रीत निवडून देऊ पाहते, तरी एकदा डोळ्यांनी तपासून घ्यावे.

फुल स्ट्रिक्टसाठी तुमच्या सर्व्हरवर वैध प्रमाणपत्र हवे. बहुतेक होस्टिंगांच्या सीपॅनेल नावाच्या नियंत्रण पानावर ते मोफत आणि आपोआप नूतनीकरण होणारे मिळते, मग वेगळे काही करायचे नाही. नसेल तर क्लाउडफ्लेअरच्या ओरिजिन सर्व्हर या पानावर एक प्रमाणपत्र तयार करता येते, ज्याची मुदत पंधरा वर्षांपर्यंत ठेवता येते. मात्र त्यावर विश्वास फक्त क्लाउडफ्लेअर ठेवते. उद्या ढग राखाडी केला तर वाचकांच्या ब्राउझरमध्ये धोक्याची लाल सूचना येईल, हे लक्षात असू द्यावे.

नवख्यांना भेडसावणारी सर्वांत प्रसिद्ध अडचणही इथेच उगवते. निवड फ्लेक्सिबल असते आणि वर्डप्रेस मात्र प्रत्येक उघड्या विनंतीला सुरक्षित पत्त्याकडे वळवत असते. क्लाउडफ्लेअर उघड्या वाटेने येते, सर्व्हर म्हणतो सुरक्षित वाटेने या, वाचक पुन्हा सुरक्षित वाटेने क्लाउडफ्लेअरकडे जातो, क्लाउडफ्लेअर पुन्हा उघड्या वाटेने सर्व्हरकडे येते, आणि हे फेरे ब्राउझर कंटाळून जास्त वेळा वळवले गेल्याची तक्रार करेपर्यंत चालतात. लोक यावर प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, शोधत बसतात. उपाय एकच: फुल स्ट्रिक्ट निवडावे. त्यानंतर सर्वांना सुरक्षित पत्त्याकडे वळवणारे ऑलवेज यूज एचटीटीपीएस सुरू करावे आणि किमान टीएलएस आवृत्ती १.२ ठेवावी. एचएसटीएस, म्हणजे हे संकेतस्थळ फक्त सुरक्षित वाटेनेच उघडावे ही ब्राउझरला दिलेली आज्ञा, मात्र पहिला महिनाभर सुरू करू नये. ते एकदा वाचकांच्या ब्राउझरमध्ये बसले की ठरवलेली मुदत संपेपर्यंत मागे फिरता येत नाही.

साठवण: काय साठते आणि काय नाही

इथे साठवणीला कॅशे म्हणतात. उच्चार रोकडीच्या कॅशसारखाच असला तरी मी लिहिताना कॅशे असेच लिहितो, नाहीतर कॅश रिकामी करा असे वाचून काहींचा हात खिशाकडे जातो. नवख्यांना न सांगितली जाणारी महत्त्वाची बाब अशी की क्लाउडफ्लेअर मूळ स्थितीत फक्त ठरावीक विस्तारनामांच्या फायली साठवते: छायाचित्रे, शैलीच्या आणि जावास्क्रिप्टच्या फायली, फॉन्ट, पीडीएफ आणि तत्सम. एचटीएमएल, म्हणजे प्रत्यक्ष लेखाचे पान, साठवले जात नाही. त्यासाठी प्रत्येक वेळी विनंती अमेरिकेपर्यंत जातेच.

हे स्वतः पाहता येते. क्रोममध्ये पान उघडून एफ-१२ दाबावे, नेटवर्क या भागात जाऊन पान पुन्हा लोड करावे, एखाद्या छायाचित्राच्या ओळीवर टिचकी मारावी आणि रिस्पॉन्स हेडर्स, म्हणजे उत्तरासोबत आलेली माहिती, वाचावेत. तिथे सीएफ-कॅशे-स्टेटस या नावापुढे हिट असेल तर फाइल जवळच्या साठ्यातून आली, मिस असेल तर या वेळी मूळ सर्व्हरवरून आली आणि आता साठवली गेली, आणि डायनॅमिक असेल तर ती साठवण्याजोगी मानलेलीच नाही. पानाच्या स्वतःच्या ओळीवर हा शब्द डायनॅमिक असाच दिसेल. त्याखाली सीएफ-रे नावाची एक लांब अक्षरमाळ असते आणि तिच्या शेवटी विमानतळाचे तीन अक्षरी संकेतचिन्ह असते. पुण्यातून पाहताना तिथे बहुधा मुंबईचे बीओएम दिसते. कधी सिंगापूरचे एसआयएन दिसले तर तुमच्या इंटरनेट पुरवठादाराने किंवा सेवेने वाहतूक तिकडे वळवली आहे असे समजावे. मोफत योजनेत त्यावर आपला ताबा नसतो.

सर्व्हरने साठवणीची मुदत सांगितली नसेल तर क्लाउडफ्लेअर फाइल दोन तास ताजी मानते. किल्ल्याचे छायाचित्र दोन तासांनी बदलत नाही. म्हणून कॅशे रूल्समध्ये एक नियम करून अपलोड्सच्या फोल्डरमधील फायलींसाठी ही मुदत महिनाभर करावी. एखादे छायाचित्र बदलायचे झालेच तर ते नव्या नावाने चढवावे. साठा रिकामा करत बसण्यापेक्षा ते सोपे पडते.

छायाचित्रांच्या बाबतीत एक गैरसमज दूर करायला हवा. मोफत योजना छायाचित्रे आपोआप लहान करत नाही; आपोआप लहान करण्याची सोय पैसे भरणाऱ्यांसाठी आहे. माझ्या कॅमेऱ्यातून राजगडाच्या बालेकिल्ल्याचे चित्र सहा एमबीचे निघते. ते तसेच चढवले तर मुंबईच्या सर्व्हरवरून का होईना, वाचकाच्या मोबाइलवर सहा एमबीच उतरतात, आणि वाचक बसमधून घाटात असेल तर त्याला राजगडाचा माथा तेवढा दिसतो आणि पायथा दिसेपर्यंत रेंज जाते. तेच चित्र सोळाशे पिक्सेल रुंदीचे करून वेबपी प्रकारात जतन केले की अडीच-तीनशे केबीत बसते. हे काम चढवण्याआधी करावे. सीडीएन त्याची जागा घेत नाही.

मराठी मजकुराची आणखी एक गंमत आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे मराठी पान तितक्याच चिन्हांच्या इंग्रजी पानाच्या जवळजवळ तिप्पट भरते. पण त्या तीन बाइटांपैकी पहिला सर्वत्र एकच असतो आणि दुसरा दोनांपैकी एक, म्हणून असा मजकूर दाबून लहान करण्यास फार सोयीचा असतो. ब्रॉटली किंवा जीझिपने तो दाबण्याचे काम सीडीएन आपोआप करते. देवनागरी फॉन्टचे मात्र तसे नाही: जोडाक्षरांमुळे फॉन्टची फाइल मुळातच जड असते. एकच फॉन्ट, दोनच जाडी, वॉफ-२ प्रकारात, आणि आपल्याच डोमेनवर ठेवावा, म्हणजे तोही जवळच्या साठ्यातून मिळतो.

पूर्ण पान साठवण्याचा मोह

एचटीएमएलही साठवले तर पान जवळजवळ क्षणात उघडते, आणि हा मोह प्रत्येकाला होतो. मलाही झाला. सर्व काही साठवा असा एक नियम मी करून ठेवला, साठवणीची मुदत एक दिवसाची दिली, वेग पाहून खूश झालो आणि लॉगिन असलेल्याच ब्राउझरमध्ये नवा लेख उघडून वाचला. दुसऱ्या दिवशी नाशिकहून एका वाचकाचा फोन आला: "सर, तुमच्या पानावर वर काळी पट्टी दिसतेय, त्यात तुमचं नाव आहे आणि शेजारी 'संपादित करा' असं लिहिलंय. दाबू का?" वर्डप्रेसमध्ये लॉगिन केलेल्या माणसालाच दिसणारी ती पट्टी माझ्या प्रतीसकट साठवली गेली होती आणि सर्वांना वाटली जात होती. त्यांनी दाबले असते तरी लॉगिनचे पानच उघडले असते, म्हणून नुकसान काही झाले नाही. तिथे दुकानाची टोपली किंवा कोणाचा पत्ता असता, तर प्रकरण इतके हसण्यावारी गेले नसते.

म्हणून नियम असा लिहावा: पत्त्यात डब्ल्यूपी-ॲडमिन किंवा डब्ल्यूपी-लॉगिन असेल, किंवा कुकीमध्ये, म्हणजे ब्राउझरने जपलेल्या छोट्या नोंदीत, लॉगिन झाल्याची वर्डप्रेसची खूण असेल, तर साठवण टाळावी, बाकीचीच पाने साठवावीत, आणि तीही कमीत कमी मुदतीपुरती. हे जमत नसेल तर एचटीएमएल साठवूच नये. वर्डप्रेससाठी क्लाउडफ्लेअरचीच एपीओ नावाची सोय मोफत योजनेवर महिना पाच डॉलर भरून मिळते आणि ती हे सगळे तारतम्य स्वतः राखते, लेख बदलला की जुनी प्रतही काढून टाकते.

जुने मार्गदर्शक लेख वाचताना एक सावधगिरी बाळगावी. त्यांत फायलींतील अनावश्यक जागा काढणारे ऑटो मिनिफाय सुरू करा असे हटकून लिहिलेले असते. ती सोय २०२४ मध्ये बंद झाली आहे. रॉकेट लोडर अजून आहे, पण तो जावास्क्रिप्टचा क्रम बदलतो आणि छायाचित्रांचे सरकते प्रदर्शन मोडून ठेवतो. वैयक्तिक संकेतस्थळाला त्याची गरज नाही.

पहारा

वर्डप्रेसच्या कोणत्याही संकेतस्थळावर, कितीही लहान असो, पासवर्ड आजमावणारे स्वयंचलित प्रोग्रॅम दिवसरात्र येत असतात. ते तुमच्यासाठी आलेले नसतात. ते प्रत्येक दार ढकलून पाहतात. मोफत योजनेत स्वतःचे पाच सुरक्षा नियम लिहिता येतात आणि ते नीट वापरले तर पुरेसे आहेत.

पहिला नियम डब्ल्यूपी-लॉगिन या फाइलसाठी: विनंती भारताबाहेरून आली तर मॅनेज्ड चॅलेंज द्यावे, म्हणजे समोर माणूस आहे की यंत्र याची परीक्षा घ्यावी. थेट अडवू नये, कारण उद्या तुम्ही स्वतःच दुबईला लेकीकडे गेलात तर आपल्याच दाराबाहेर उभे राहाल. दुसरा नियम बाहेरच्या प्रोग्रॅमांना वर्डप्रेसशी बोलू देणाऱ्या एक्सएमएल-आरपीसी या फाइलसाठी: ती सरळ बंद करावी. अपवाद इतकाच की तुम्ही जेटपॅक हे प्लगिन किंवा वर्डप्रेसचे मोबाइल ॲप वापरत असाल तर तिची गरज लागू शकते. विनंत्यांचा वेग मर्यादित करणारा एक नियम वेगळा मिळतो. तोही लॉगिनच्या पानासाठीच खर्च करावा.

संपूर्ण संकेतस्थळ फक्त भारतातूनच उघडेल असा नियम करण्याचा सल्ला काही जण देतात. तो मानू नये. तुमचे टोरांटोचे वाचक त्यात जातातच, पण त्याबरोबर गुगलचा शोधक प्रोग्रॅम आणि सर्व्हरच्या प्रमाणपत्राचे नूतनीकरण करण्यासाठी बाहेरून येणारी तपासणीही अडते, आणि महिना-दोन महिन्यांनी प्रमाणपत्र संपून संकेतस्थळ बंद पडते तेव्हा कारण कोणाच्या लक्षात येत नाही. खरोखरच हल्ला सुरू असेल, तर अंडर अटॅक मोड काही तासांपुरता सुरू करावा. त्यात प्रत्येक वाचकाला क्षणभर थांबवून तपासले जाते. तो कायम ठेवू नये.

हे सगळे करूनही वर्डप्रेस आणि प्लगिन अद्ययावत ठेवावेच लागतात. जुन्या प्लगिनमधील भोक सीडीएन बुजवत नाही. फार तर त्या भोकापर्यंत पोहोचणाऱ्यांची गर्दी कमी करते.

मागचे दार

पुढच्या दाराला पहारेकरी बसवला, पण मूळ सर्व्हरचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्याचा आकडी पत्ता, ज्याला माहीत आहे तो पहारेकऱ्याला वळसा घालून थेट आत येऊ शकतो. आणि तो पत्ता कळणे अवघड नसते. डीएनएसच्या जुन्या नोंदी जतन करणाऱ्या सेवा आहेत. मेलची राखाडी नोंद त्याच सर्व्हरकडे बोट दाखवत असते. वर्डप्रेसने तुमच्या सर्व्हरवरून पाठवलेल्या प्रत्येक ईमेलच्या हेडरमध्येही तो पत्ता असू शकतो. माझ्या पाहण्यात सर्वाधिक दुर्लक्षित राहते ती हीच पायरी.

स्वतःचा व्हीपीएस, म्हणजे भाड्याने घेतलेला स्वतंत्र आभासी सर्व्हर, असेल तर उपाय स्वच्छ आहे: क्लाउडफ्लेअर आपल्या आयपी पत्त्यांचे पट्टे जाहीर करते, फायरवॉलमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या संरक्षक चाळणीत, ८० आणि ४४३ हे वेबचे पोर्ट (दरवाजे) तेवढ्याच पट्ट्यांसाठी उघडे ठेवावेत. त्याहून पुढे जायचे तर क्लाउडफ्लेअर टनेल वापरावा. त्यात तुमच्या यंत्रावरचा एक छोटा प्रोग्रॅम स्वतःहून बाहेर जोडणी करतो आणि आत येणारा एकही पोर्ट उघडा ठेवावा लागत नाही. घरच्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर संकेतस्थळ चालवणाऱ्यांना याचा दुहेरी उपयोग होतो, कारण आपल्याकडील बऱ्याच घरगुती जोडण्यांना स्वतःचा स्वतंत्र सार्वजनिक पत्ताच मिळत नाही. माझ्यासारख्या वाटून घेतलेल्या होस्टिंगवर फायरवॉल हाती नसते. तिथे होस्टिंगवाल्यांना विचारावे, टपाल वेगळ्या सेवेकडे न्यावे, आणि शक्य असल्यास सीडीएन बसवल्यानंतर सर्व्हरचा पत्ता बदलून मागावा.

याच्याच जोडीला एक छोटे काम येते. आता सर्व्हरला प्रत्येक वाचक क्लाउडफ्लेअरच्या पत्त्यावरून आल्यासारखा दिसतो. सुरक्षेचे एखादे प्लगिन चुकीच्या पासवर्डांमुळे त्या पत्त्याला बंदी घालते आणि शेकडो निरपराध वाचक एकदम बाहेर फेकले जातात. खरा पत्ता सीएफ-कनेक्टिंग-आयपी या हेडरमध्ये येतो. प्लगिनच्या सेटिंगमध्ये तोच हेडर निवडावा.

बिघडले तर

पानाऐवजी पाचशे वीसच्या पुढचे त्रुटीचे आकडे दिसले की बहुतेक वेळा दोष मूळ सर्व्हरच्या बाजूला असतो. ५२१ म्हणजे सर्व्हरने जोडणी नाकारली, ५२२ म्हणजे त्याने वेळेत ओ दिली नाही, ५२५ म्हणजे सुरक्षित संवादाची बोलणी फिसकटली आणि ५२६ म्हणजे प्रमाणपत्र वैध नाही. ५२१ आणि ५२२ पुष्कळदा होस्टिंगच्या फायरवॉलने क्लाउडफ्लेअरचे पत्ते हल्लेखोर समजून अडवल्यामुळे येतात. पट्ट्यांची यादी होस्टिंगवाल्यांना पाठवून ती मोकळी करून घ्यावी. केलेला बदल दिसत नसेल तर डेव्हलपमेंट मोड सुरू करावा. तो तीन तास साठवण बाजूला ठेवतो आणि मग आपोआप बंद होतो.

शेवटी अवलंबनाचा प्रश्न. सीडीएन मधोमध बसून सुरक्षित संवाद उलगडते, म्हणजे तुमच्या वाचकांनी भरलेले सर्व काही तिला दिसू शकते. छायाचित्रांच्या संकेतस्थळाला ते चालेल. रुग्णांच्या नोंदी ठेवणाऱ्याने वेगळा विचार करावा. आणि ही सेवाही पडते. २ जुलै २०१९ रोजी एका चुकीच्या नियमामुळे ती अर्धा तास कोलमडली होती. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी पाचच्या सुमारास बिघाड झाला, तो मुख्यतः तीन तासांनी निवळला, आणि त्यात चॅटजीपीटी आणि एक्ससारख्या सेवाही अडकल्या. त्या दिवशी क्लाउडफ्लेअरच्या नियंत्रण पानावर लॉगिन करणेच अनेकांना जमत नव्हते, त्यामुळे ढग राखाडी करून बाहेर पडण्याची वाटही बंद होती. अशा वेळी उरतो तो डोमेनच्या खात्यातून नेमसर्व्हर बदलण्याचा मार्ग, पण तो बदल पसरेपर्यंत बिघाड बहुधा दुरुस्त झालेला असतो. वैयक्तिक संकेतस्थळासाठी थांबणेच शहाणपणाचे. तरीही सर्व्हरचा मूळ आयपी पत्ता, होस्टिंगच्या नेमसर्व्हरची जुनी नावे आणि पहिल्या दिवशी उतरवलेला तो नोंदींचा कागद एका वहीत चिकटवून ठेवावा, आणि ती वही संगणकात नव्हे, टेबलाच्या खणात ठेवावी.